बियाला ठेवलंय, तोडू नका

वसईची भाजी म्हटलं की मुंबईतल्या जुन्या लोकांना अजून लाल लुगड्यातल्या आमच्या बायका आठवतात, डोक्यावर टोपली, पहाटेची लोकल, दादरला नाहीतर पार्ल्याला उतरायचं आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या दारात ताजी भाजी पोचवायची. लोक प्रेमाने सांगतात हे, मला ऐकायला आवडतं. पण त्या भाजीचं बी कुठून यायचं हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही, म्हणून आज त्याच्यावरच लिहिते. लांबेल थोडं, सवडीने वाचा.

आम्ही कुपारी, म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यातले सामवेदी ख्रिस्ती. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल ही आमची गावं, घरात कादोडी बोलतो, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, मराठीत. समाज एवढासाच, सगळी गावं एका दिवसात सायकलवर फिरून होतील. पिढ्यान्पिढ्या धंदा एकच, वाडी. भातशेती होतीच पण पैसा वाडीतून यायचा, केळी, पानवेल, फुलं आणि भाजी. वाडीत वर नारळ, मधे केळी, कडेला अळू नि सुरण, मोकळ्या तुकड्यात वाफे आणि पावसाळ्यात वेलांचे मांडव, आणि हे सगळं पाटाच्या पाण्यावर. पाणी विहिरीचं नाहीतर बावखलाचं. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं, पावसात भरायचं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर द्यायचं आणि उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून वाडीत टाकायचा, खत विकत आणायची गरजच कमी. आमच्या शेजारी वाडवळ होते, भंडारी होते, त्यांच्याही वाड्या अशाच, देवळात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे कुंपणाच्या दोन बाजूंना एकच काम करायचे आणि बी त्या कुंपणावरून सर्रास इकडे तिकडे जायचं.

1867 साली विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली, म्हणजे आमच्या भाजीला मुंबईचं गिऱ्हाईक मिळून दीडशेच्या वर वर्षं झाली. हे सांगायचं कारण असं की आमच्याकडचं बी नुसतं जुनं म्हणून टिकलेलं नाही, ते विकलं गेलं म्हणून टिकलं. दादरच्या बाईला शिराळं कोवळं पाहिजे, देठाकडे जून लागलं की ती दुसऱ्या दिवशी ऐकवणार, मग जो वेल चार दिवस उशीर झाला तरी कोवळं फळ देतो त्याचंच बी ठेवायचं. पार्ल्याच्या आजींना वांगं भरायला पाहिजे, छोटं, पातळ सालीचं, बिया कमी. तर तसं. मुंबईच्या स्वयंपाकघरांनी आमची वाणं घडवली असं मी म्हणते तेव्हा लोकांना वाटतं मी काहीतरी मोठं बोलतेय, पण खरंच तसं आहे, आणि उलटही खरं आहे, मुंबईच्या कितीतरी जुन्या घरांच्या चवी आमच्या बायकांनी घडवल्या.

तर मुद्द्यावर येते. वाडी पुरुषांच्या नावावर. सातबाऱ्यावर आजोबा, मग काका, मग चुलतभाऊ. नांगरट, रहाट, पुढे इंजिन आणि मोटर, केळीची कापणी, व्यापाऱ्याशी व्यवहार हे सगळं पुरुषांकडे. बी मात्र बायकांकडे. ते कुठल्याही कागदावर नव्हतं, ते बरण्यांमध्ये, फडक्यांच्या पुरचुंड्यांमध्ये आणि चुलीच्या वरच्या वाशाला टांगलेलं असायचं, आणि कुठल्या पुरचुंडीत काय हे फक्त घरातल्या थोरल्या बाईला माहीत. माझी आजी डोळे मिटून नुसत्या हाताने चाचपून सांगायची, हे कारलं, हे दुधी, हे घोसाळं.

आणि ते एका घरातून दुसऱ्या घरात जायचं ते लग्नातून. समाज लहान, लग्नं आपापसातच, मग निर्मळची मुलगी भुईगावला, वाघोलीची मुलगी नंदाखालला. मुलगी पहिल्या पावसाआधी माहेरी आली की जाताना आई पिशवीत बी घालणार, त्यावर चर्चा नाही, ते ठरलेलं. मी स्वतः माहेरहून पडवळ आणि लाल माठ आणला, सासूबाईंनी त्यांच्या माहेरहून आणलेलं शिराळं आमच्या मांडवावर आधीच होतं. म्हणजे आमच्या एका वाडीत तीन-चार गावांच्या बायकांची निवड एकत्र नांदत होती. एखाद्या घरी पावसाने सगळं गेलं, बी कुजलं, तर नणंदेकडे, मावशीकडे, बहिणीच्या सासरी तेच बी असायचं, तिथून परत यायचं. आज ज्याला बियाणं बँक म्हणतात ती आमच्याकडे अशी होती, नात्यात वाटलेली, एकाच छपराखाली कधीच नाही.

आता बियाला ठेवणं म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण हे लिहून ठेवलंच पाहिजे असं मला फार वाटतं.

पडवळाचं घ्या. वेलाचं पहिलं फळ बियाला ठेवायचं नाही आणि शेवटचंही नाही. पहिलं फळ तेव्हाचं जेव्हा वेलाला अजून अंगात जोर नसतो, शेवटचं तेव्हाचं जेव्हा वेल थकलेला असतो. मधल्या बहरातलं, मांडवाच्या मधोमध लटकणारं, सरळ, लांब, ज्याच्यावर किडीचा डाग नाही असं फळ निवडायचं आणि त्याच्या देठाला रंगीत चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातलं कोणीही, गडी असो की पोर, हात लावणार नाही. विकायच्या पडवळाला आम्ही खाली टोकाला दोरीने छोटा दगड बांधतो म्हणजे ते वळत नाही, सरळ उतरतं. बियाच्या पडवळाला दगड बांधायचा नाही असं सासूबाई सांगायच्या, कारण दगडाने सरळ झालंय की मुळात सरळ आहे ते कळायला नको का. मला हे ऐकून तेव्हा काय वाटलं सांगू, शाळेत आम्ही प्रयोग शिकलो, त्यात काय बदलायचं आणि काय बदलायचं नाही ते शिकलो, आणि ही बाई चौथीपर्यंत शिकलेली, तिला ते हाताने येत होतं.

मग ते पडवळ वेलावरच पिकू द्यायचं, हिरव्या-पांढऱ्याचं नारिंगी होतं, मऊ पडतं, फुटायच्या आत काढायचं. आतला गर लालभडक, त्यात बिया. गर राखेत चोळायचा, पाण्यात धुवायचं, वर तरंगतात त्या पोचट बिया टाकून द्यायच्या, तळाशी बसतात त्या घ्यायच्या, सुपात पसरून आधी सावलीत आणि मग सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवायच्या. दुपारचं ऊन नाही. वाळलं की नाही ते दाताखाली धरून बघायचं, नुसतं दबलं तर अजून ओलं, कट्कन तुटलं तर झालं. मग राखुंडीत मिसळून बरणीत. राखेने ओल धरली जाते आणि किडा लागत नाही.

शिराळ्याचं सोपं आणि मला सगळ्यात आवडतं तेच. ते वेलावर पूर्ण वाळू द्यायचं, तपकिरी, हलकं, हलवलं की आत खुळखुळ वाजलं पाहिजे. मग ते आख्खंच्या आख्खं स्वयंपाकघरात टांगायचं. पुढच्या वर्षी खाली उतरवलं की टोकाला एक छोटं टोपण असतं, ते अंगठ्याने उडवायचं आणि शिराळं उलटं धरायचं, काळ्या बिया आपोआप टपटप हातात पडतात. आणि रिकाम्या जाळीने अंग घासायचं.

वांग्याचं फळ पार पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवावं लागतं आणि इथेच घरात वाद व्हायचे, कारण एक फळ बियाला ठेवलं की ते झाड पुढची फळं कमी देतं, म्हणजे रोख पैशाचं नुकसान. सासरे म्हणायचे एवढं चांगलं झाड कशाला अडवून ठेवलं, आणि सासूबाई म्हणायच्या चांगलं आहे म्हणूनच. लाल माठाचं बी तर खसखशीएवढं, काळं, चकचकीत, कणसं वाळली की फडक्यावर झोडायची, सुपाने पाखडायची, आणि पेरताना वाळू नाहीतर राख मिसळून पेरायचं नाहीतर एका जागी दाट पडतं. वालाच्या शेंगा कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेनंतर भरायला लागतात आणि झाडावरच वाळवून काढायच्या, वालाला भुंगा फार लागतो, त्याला राख जास्त, वर कडुनिंबाचा पाला. सुरण, अळू, कोनफळ यांना बी नाही, त्यांचं बेणं, म्हणजे लावायचे कंद, ते कोरड्या मातीत किंवा मचाणाखाली अंधारात.

एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून वेगळी सांगते. दुधी, पडवळ, काकडी, शिराळं ह्यांचं परागीभवन किडे करतात, म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, पडवळाचं झालरीचं फूल रात्रीचं. रात्री पतंग कुठून कुठे जातील सांगता येत नाही. बांधावर कुठे रानटी कडू पडवळ उगवलं असेल आणि त्याचा पराग आपल्या फुलावर आला, तर फळ दिसायला नेहमीचंच येतं पण त्याच्या बियातून पुढच्या वर्षी कडू फळं निघतात. आणि कडू दुधी किंवा कडू पडवळ हे नुसतं बेचव नसतं, त्याने विषबाधा होते, उलट्या-जुलाब होतात, कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. म्हणून नियम कडक होता. ज्या वेलाचं एक जरी फळ कडू निघालं त्या वेलाचं बी ठेवायचं नाही, वेल उपटून टाकायचा. बियाला ठेवलेल्या वेलाची बाकीची फळं घरात शिजवून खायची, विकायची नाहीत. म्हणजे आधी स्वतःच्या घरात खाऊन बघायचं. बांधावरचे रानवेल फुलायच्या आत काढायचे आणि हे काम पोरांचं असायचं.

आता मी आणखी एक करते, जे आजी करत नव्हती, करायची तिला गरज नव्हती कारण तेव्हा सगळ्या वाड्यांत एकच पडवळ होतं. आता शेजारच्या वाडीत पाकिटातलं संकरित लावलेलं असतं. म्हणून संध्याकाळी, उमलायच्या बेतात असलेली मादी कळी शोधायची, तिच्यामागे बारीक फळ असतं त्यावरून ओळखू येते, तिला आणि दोन-तीन नर कळ्यांना दोऱ्याने हलकं बांधून ठेवायचं, पडवळ-दुधीला तर त्याच रात्री उघडायचं, नर फूल तोडून त्याचा पराग मादीच्या टोकावर फिरवायचा आणि परत कळी बांधून टाकायची, देठाला चिंधी. सगळ्या नाही लागत, काही सुटतात गळून. पण जी लागतात त्यांच्याबद्दल खात्री असते. चवळी आणि वालाला हे करावं लागत नाही, त्यांचं बहुतेक आपल्याआपणच होतं.

संकरित बियाण्याला मी नावं ठेवत नाही. आमच्याच घरात दीर संकरित टोमॅटो लावतात, त्यांना एकाच आकाराचा, प्रवासात न दबणारा माल लागतो आणि त्यांचं घर त्यावर चालतं. पण एक समजून घ्या. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं वेगवेगळी निघतात, कोणी आईवर कोणी बापावर, तो एकसारखेपणा जातो. म्हणजे दरवर्षी दुकानात जाणं आलंच. आणि ज्या वर्षी दुकानात ते वाण नसतं त्या वर्षी तुम्ही दुकानदार देईल ते घेता. आमच्या गावात एका वर्षी बऱ्याच जणांनी एकाच दुकानातून दुधी घेतली, वेल जोमदार, पानं हिरवीगार, फळच धरेना, कंपनीकडे तक्रार केली तर पाकीट दाखवा म्हणाले आणि पाकिटं कोणी ठेवली होती. त्या वर्षी ज्यांच्या घरात बरणी होती त्यांची दुधी बाजारात गेली, आणि पुढच्या मे महिन्यात त्यांच्याच दारात बाकीचे बी मागायला आले.

सरळ वाण वेगळं, त्याच्या बियातून पुढच्या वर्षी तसंच झाड येतं, म्हणून ते घरात धरता येतं. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पडवळाचं कोकण श्वेता, शिराळ्याचं कोकण हरिता, कारल्याचं कोकण तारा अशी सरळ वाणं दिली आहेत. ज्यांच्याकडे घरचं काहीच उरलेलं नाही त्यांनी निदान इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. चार-पाच वर्षं स्वतः निवड करत गेलात तर ते तुमच्या वाडीचं होतं.

पारंपरिक म्हणजे काय यावर आमच्याकडे लोक भांडतात. मिरचीचं बघा. पोर्तुगीज आले तोपर्यंत ह्या देशात मिरची नव्हतीच, ती अमेरिकेतून त्यांच्या जहाजांवरून आली, तशीच पपई, अननस, पेरू. वसई 1534 ते 1739 त्यांच्याकडे होती, मग चिमाजी आप्पांनी घेतली. तर मिरची आमच्या किनाऱ्यावर केव्हातरी नवीनच होती, कोणीतरी पहिल्यांदा परसात लावली असेल, चाखून डोळ्यातून पाणी आलं असेल, तरी बी ठेवलं. आज आमच्या आजीच्या मिरचीशिवाय आमचा मसाला होत नाही. आमचा धर्मही त्याच काळात आला आणि आम्ही तो धरला, भाषा मात्र सोडली नाही. म्हणून मला कोणी म्हणालं की हे काही मूळचं देशी नाही, तर मी वाद घालत नाही. ज्याचं बी बायकांनी शे-दोनशे पावसाळे राखलं ते आमचं.

आता वाईट भाग. मी थोडक्यात सांगणार होते पण तो थोडक्यात होत नाही.

ऐंशीच्या दशकात वसईत इमारती वाढायला लागल्या, पाण्याची सोय नव्हती, मग टँकर आले. टँकर भरायला गावातल्याच विहिरी. दिवसरात्र पंप. समुद्र जवळ, गोडं पाणी उपसलं की खारं पाणी आत येतं, आणि एकदा विहीर मचूळ झाली की आधी पानवेल जाते, मग वाल, मग काकडी. त्याच दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, लोक रस्त्यावर उतरले, बायका सगळ्यात पुढे, लाल लुगड्यातल्या. फादर पुढे 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 मध्ये गेले. आज पश्चिम पट्ट्यात जे काही हिरवं उरलंय ते त्या लढ्यामुळे, ह्यात मला तरी शंका नाही. पण बरंचसं गेलंही. बावखलं भरली, कधी डेब्रिज टाकून, कधी प्लॉट पाडून. पाणी मुरायची जागा बुजवली, मग 2018 च्या जुलैमध्ये वसईत पाणी भरलं ते दिवसचे दिवस उतरेना, रेल्वे बंद, आणि वाडीत उभे मांडव मुळं कुजून बसले. अलीकडे काही गावांत तरुण पोरं बावखलं साफ करतात, गाळ काढतात, ते बघून बरं वाटतं.

पण मला जे बोचतं ते असं. जमीन विकताना सह्या घेतल्या जातात, भावांच्या, आता बहिणींच्याही, ज्याचं नाव कागदावर आहे त्या प्रत्येकाची. बी राखणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की तुझी वाडी जातेय, तुझ्या बरण्यांचं काय करायचं. माझ्या ओळखीतल्या एका घरी वाडी गेली, बिल्डिंग झाली, त्यांना दोन फ्लॅट मिळाले, घर मोडताना वाशाला टांगलेलं सगळं मलब्यात गेलं. दुधी होती त्यांच्याकडे, छोट्या मानेची, जाड सालीची, घरात ठेवली तर महिनाभर टिकणारी. तशी दुधी मला परत कुठे दिसली नाही. कोणी मुद्दाम केलं नाही. त्या घरातल्या थोरल्या मामी हॉस्पिटलमध्ये होत्या आणि बाकी कोणाला ते बी आहे हेच माहीत नव्हतं.

म्हणून मी जिथे जाते तिथे आता थोरल्या बायकांशी बोलते. लग्नात, सणाला, कोणाच्या मयताला गेलं तरी नंतर बसून. मामी, तुमच्याकडे वाल होता ना लाल कडेचा, अजून आहे? बऱ्याचदा उत्तर नाही असं येतं. कधी कधी मात्र त्या उठतात, आत जातात, डब्यांच्या मागून एक जुनी हॉर्लिक्सची बाटली काढतात आणि म्हणतात बघ ह्याच्यात जीव आहे का. जुन्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायच्या, काही दिवसांत मोड आला तर आहे. दुधी-पडवळ चार-पाच वर्षांनीही उगवतात, वांगंही तेवढं टिकतं, वाल-चवळी तीनेक वर्षं धरा, कांद्याचं बी मात्र एका वर्षाचंच, दुसऱ्या वर्षी भरवसा नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, गावठी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे सगळ्यांना माहीत आहेत, 2020 ची पद्मश्री. त्या महादेव कोळी समाजातल्या, डोंगरातल्या, आमचा समाज किनाऱ्यावरचा, पण त्यांचं काम मी टीव्हीवर बघितलं तेव्हा मला सगळ्यात ओळखीचं वाटलं ते मातीच्या मडक्यात राखेत ठेवलेलं वालाचं बी. त्यांच्या मागे बाएफ ही ग्रामविकासाचं काम करणारी संस्था उभी राहिली, त्यामुळे घरातलं काम गावाचं आणि पुढे राज्याचं झालं. आमच्याकडे अजून तसं कोणी उभं राहिलेलं नाही. चर्चची महिला मंडळं आहेत, बचत गट आहेत, पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या गावकीचे, सण आहेत. ऑक्टोबरात आगेरा असतो, नवं पीक चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतो, त्या दिवशी पिकासोबत बीही न्यावं आणि बाहेर पटांगणात एक टेबल मांडून अदलाबदल व्हावी असं मी आमच्या पॅरिशमध्ये बोलून बघितलंय, लोकांना पटलंय, बघू.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना असते, बी वाटलं तर कोणी पकडेल का वगैरे. उलट आहे. 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क देतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. शिवाय शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवताही येतं. आमच्या समाजातल्या शिकलेल्या पोरांनी ह्यात लक्ष घालावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण फॉर्म भरणं, झाडाची मापं घेणं, फोटो काढणं हे त्यांना येतं आणि बी कोणाकडे आहे हे आम्हाला माहीत आहे.

आणि जमीन नाही म्हणून गप्प बसू नका. विरारला, नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आमच्या मुली गॅलरीत तेलाच्या डब्यात लाल माठ लावतात, त्यातली दोन झाडं उंच वाढू देतात, कणसं धरू देतात. दोन झाडांचं बी पुढच्या वर्षी पाच घरांना पुरतं. फक्त दुधी-पडवळाचं बी गॅलरीतल्या एकाच वेलावरून वर्षानुवर्षं धरू नका, वाण कमजोर होत जातं, अधूनमधून गावाकडून दुसऱ्या घरचं बी आणून मिसळा.

आता मे चाललाय. मांडवाचे खांब बदलून झालेत, आळी करून शेणखत टाकलंय, पहिला चांगला पाऊस झाला की बी टोचायचं. माझ्याकडे ह्या वेळी पडवळ, शिराळं, लाल माठ आणि थोडा वाल देण्याइतका आहे. पैसे नकोत, पुढच्या वर्षी घेतलं त्याच्या दुप्पट परत करा, किंवा तुमच्या घरचं दुसरं काही द्या. घेताना एवढंच विचारेन की घरात बी कोण सांभाळणार, आणि तिचं नाव बाटलीवर लिहून देईन. आणि मला स्वतःला हवंय ते पांढरं वांगं, लहान, लांबट, देठाला काटे असलेलं, माझ्या आजीच्या वाडीत होतं. आगाशी, बोळींज, नाळा, कुठेही कोणाच्या परसात ते अजून असेल तर कळवा, फळ पिवळं पडेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे.